फोनवर सगळं येतं, पण कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरपुढं बसलं की गोंधळ उडतो. सुरुवात कुठून करू?

माणदेशी_पोर:

नमस्कार. मी एफवाय बीकॉमला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, पण ती बहुतेक वेळ कुलपातच असायची. त्यामुळं खरा हात लागला तो इथं आल्यावरच.

फोनचं म्हणाल तर घरातलं सगळं माझ्याकडंच असतं. बाबांचा सातबारा काढणं, पीएम किसानची केवायसी, आईच्या बचत गटाच्या बायकांना फोनपे शिकवणं, सगळं मीच करते. लॅबमध्ये मात्र चपला बाहेर काढून आत पाऊल टाकलं की डोकं बंद पडतं. एका मशीनवर आम्ही तिघी. एकीच्या घरी लॅपटॉप आहे, त्यामुळं माउस कायम तिच्याच हातात. ती भराभर करून मोकळी होते आणि आम्ही दोघी जर्नलमध्ये उतरवून घेतो. जर्नल पूर्ण, सही पण मिळते, येत मात्र काहीच नाही. सर चांगले आहेत, पण एवढ्या पोरांत हात वर केला की सगळी रांग मागं वळून बघते.

त्यात गेल्या आठवड्यात वर्डमध्ये बायोडाटा केला आणि डेस्कटॉपवर सेव्ह केला. या वेळी जाऊन बघते तर फाइल गायब. मशीन तेच, जागा तीच. मैत्रीण म्हणते कुणीतरी उडवली असेल. असं कोण कशाला करेल?

घरी कॉम्प्युटर नाही आणि सध्या घेणं शक्य नाही. साडेचारची एसटी चुकली तर पुढची थेट सातला, म्हणून लॅबमध्ये थांबताही येत नाही. एमएस-सीआयटी लावू का? की आधी दुसरं काही शिकू? कुणीतरी नीट सांगा.

लॅबवाले_काका:

पोरी, तुझी फाइल कुणी उडवली नाही. तुमच्या लॅबमध्ये बहुतेक 'डीप फ्रीझ' किंवा तसलंच काहीतरी बसवलेलं असणार. ते असलं की मशीन रीस्टार्ट झाल्यावर सी ड्राइव्ह पहिल्यासारखा होतो, मधे त्यावर जे काही ठेवलं ते पुसलं जातं. आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सहसा सी ड्राइव्हमध्येच असतं. आम्ही लॅबवाले हे मुद्दाम करतो. नाहीतर पोरं गेम टाकतात, पेनड्राइव्हमधून व्हायरस आणतात, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी निम्मी मशीन झोपलेली असतात. पण बसवलंय तर पहिल्याच तासाला मुलांना तसं सांगायला नको का? ते कुणी सांगत नाही. याचा मला फार राग येतो.

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांना एवढंच विचार, "सर, कायमचं सेव्ह कुठं करायचं?" डी ड्राइव्हवर वर्गाचं फोल्डर असेल, नाहीतर सर्व्हरवरची जागा असेल. काहीच नसेल तर उठायच्या आधी फाइल स्वतःच्या मेलवर पाठव आणि मेलमधून लॉग आउट हो. लॉग आउट विसरू नकोस. पुढच्या बॅचला उघडे मेल आणि त्यातले आधार कार्डाचे फोटो दिसतात, हे मी रोज बघतो.

आता तुझा खरा प्रश्न. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट थोडं थांबू देत. फोनवाल्या मुलांचं अडतं ते फाइल कुठं राहते इथं. फोन म्हणजे खानावळ, ताट समोर येतं, डबे कुठल्या फळीवर आहेत ते बघावं लागत नाही. फोटो गॅलरीत, पीडीएफ व्हॉट्सअॅपमध्ये, आणि कुणाला द्यायचं तर 'शेअर'. कॉम्प्युटरवर ड्राइव्ह, त्यात फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात फाइल, हा पत्ता डोक्यात बसल्याशिवाय पुढचं सगळं पाठांतरच होतं.

म्हणून हे कर. नोटपॅड उघड. चार ओळी लिही, काहीही, घरच्या शेळ्यांची नावं लिही. फाइल मेन्यूतून 'सेव्ह अॅज' घे आणि खिडकी उघडली की 'सेव्ह' दाबायची घाई करू नकोस. डावीकडं बघ, वरच्या पट्टीत पत्ता वाच. डी ड्राइव्हवर स्वतःच्या नावाचं फोल्डर कर, त्यात ठेव. नोटपॅड बंद कर. आता ती फाइल 'धिस पीसी'मधून चालत जाऊन शोध, 'रीसेंट'मधून नाही. सापडली की कॉपी करून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाक, तिथल्या फाइलमध्ये एक ओळ बदल, सेव्ह कर, आणि पहिली उघडून बघ. पहिली बदललेली नसते. हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं त्याला कॉपी आणि कट यातला फरक कधी सांगावा लागत नाही. मग एक फाइल डिलीट कर, रीसायकल बिनमधून परत आण. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली मात्र बिनमध्ये जात नाही, तिथं सांभाळून.

आणखी एक. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू कर. मग नावाच्या शेवटी टिंब आणि डॉक्स, एक्सएलएसएक्स, पीडीएफ, जेपीजी असं शेपूट दिसतं. स्कॉलरशिपच्या दिवसांत पोरं फोटोच्या नावातलं जेपीजी खोडून पीडीएफ लिहितात आणि पोर्टल घेत नाही म्हणून माझ्याकडं येतात. नाव बदलल्यानं फाइल बदलत नाही. वर्डमध्ये फोटो टाकून 'सेव्ह अॅज'मध्ये पीडीएफ निवडलं की खरी पीडीएफ होते.

माउसचं म्हणशील तर मी माझ्या लॅबमध्ये एक नियम केलाय. जिला येतं तिनं फक्त बोलायचं, जिला येत नाही तिच्या हातात माउस. मैत्रिणीला तसं सरळ सांग. ती वाईट नसणार, हात शिवशिवत असतील एवढंच. सांगूनही ऐकलं नाही तर सरांच्या कानावर घाल, वर्गात नको, बॅच सुटल्यावर दारात.

पतपेढीतली_वहिनी:

काकांनी एक्सेल थांबू दे म्हटलंय, पण तुम्ही कॉमर्सच्या आहात, फार थांबवू नका. मी पतपेढीत बसते. आमच्याकडं नवीन आलेली मुलं सम, अॅव्हरेज सगळं शिकून आलेली असतात आणि पहिल्याच दिवशी सभासदांची यादी बिघडवून ठेवतात.

लॅबमध्ये मुद्दाम करून बघा. कोऱ्या सेलमध्ये ००७ टाइप करून एंटर मारा, नुसतं ७ उरतं. मग आधार नंबरसारखा कुठलाही बारा आकडी नंबर टाका, एक टिंब, मधे ई आणि प्लस असलं काहीतरी विचित्र दिसेल. ते नुसतं दिसण्यापुरतं असतं, आत नंबर शाबूत असतो. खरा घात सोळा आकड्यांत आहे. एक्सेल आकडा म्हणून पंधराच अंक धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य घालतं आणि एका शब्दानं सांगत नाही. काही बँकांचे खाते नंबर सोळा आकडी असतात, म्हणजे विचार करा. नंतर फॉरमॅट बदलून तो अंक परत येत नाही. म्हणून आधी कॉलम निवडायचा, फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचा, मग भरायचं. एखाददुसरा नंबर असेल तर आधी वरचं एकेरी अवतरण टाकून लिहिलं तरी चालतं. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, अक्षरं समजायची. खाते नंबर, मोबाइल, पिनकोड, रोल नंबर, सगळं यात आलं.

बेरजेसाठी कॉलमच्या खाली जाऊन ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबा. आमच्या मॅनेजरसाहेबांना हे मी शिकवलं, तोवर ते शेजारी कॅल्क्युलेटर ठेवून बेरीज करत आणि उत्तर एक्सेलमध्ये टाइप करत. खोटं नाही सांगत.

खानदेशी_सेतूवाला:

एमएस-सीआयटीबद्दल मी सांगतो. २००१ पासून चालूय हा कॉम्प्युटरचा कोर्स, एमकेसीएलचा म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा. सरकारी भरतीच्या जाहिरातीत गट क च्या बऱ्याच पदांना 'एमएस-सीआयटी किंवा समकक्ष' मागता, म्हणून तलाठी, लिपिक असलं काही डोक्यात असेल तर करून घे ताई, सर्टिफिकेट लागतंच. सेंटर निवडताना एकच बघायचं, स्वतंत्र मशीन मिळतं का. तिथं पण तिघांत एक असेल तर फी भरून तेच जर्नल उतरवणार.

टायपिंगचं वेगळं आहे बरं का. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला असं सर्टिफिकेट लागतं. ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते, एमएस-सीआयटीत ते धरत नाहीत. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं इथं गफलत करता.

फुकटात शिकायचं तर आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' बघ, मराठीतून आहे. लिबर ऑफिसचे धडे आहेत त्यात. ते वर्ड-एक्सेलसारखंच, पण फुकट. फोनवर व्हिडिओ बघायचा, कागदावर पायऱ्या लिहून घ्यायच्या, लॅबमध्ये करायचा. बसमध्ये वेळ जातोच ना.

उगाच_एक:

कशाला एवढा त्रास? आता एआयला सांगितलं की बायोडाटा पण करून देतं आणि एक्सेल पण.

लॅबवाले_काका:

देतं की. आमच्या लॅबमधली पोरं पण करून घेतात, आणि मग "काका, डाउनलोड केलं पण कुठं गेलं?" म्हणून माझ्याकडंच येतात. सोळावा अंक शून्य झालाय हे वहिनींना दिसलं, कारण त्यांना तिथं काय असायला पाहिजे ते माहीत होतं. असो, वाद नको.

पोरी, घरी सराव कसा करायचा ते राहिलंच. साधा यूएसबी कीबोर्ड काहीशे रुपयांत मिळतो, जुना कुणाकडं पडलेला असेल तर फुकट. त्याला ओटीजी, म्हणजे यूएसबीची पिन फोनला बसवणारा छोटा जोड, लावून फोनला जोड. बहुतेक अँड्रॉइड फोन तो लगेच ओळखतात, माउस जोडला तर स्क्रीनवर बाण पण येतो. फोनच्या नोट्समध्ये टायपिंग कर. कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, बोटांनी चाचपून बघ. दोन्ही तर्जन्या तिथं ठेवायच्या आणि खाली बघायचं नाही. पहिले काही दिवस चिडचिड होईल, बाकीच्या बोटांना कामाची सवयच नसते. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल झेड हेही बऱ्याच अॅपमध्ये चालतं. लॅबमध्ये मिळणारी वेळ अक्षरं शोधण्यात घालवू नकोस, ते घरी उरकून ये.

आणि पासवर्ड चुकतोय असं मशीन म्हणालं की घाबरण्याआधी कॅप्स लॉकचा दिवा बघायचा. माझी निम्मी नोकरी त्या दिव्यावर गेली.

माणदेशी_पोर:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज सरांना विचारलं. काका म्हणाले तसंच निघालं, रीस्टार्ट केलं की पुसतंच. डी ड्राइव्हवर आमच्या वर्गाचं फोल्डर आधीपासून आहे म्हणे, पण आत बघितलं तर मोजून चारपाच जणांच्या फाइली. वहिनी, सोळा आकड्यांचं केलं. शेवटी खरंच शून्य आलं. लॅपटॉपवाली मैत्रीण पण बघत राहिली, तिला माहीत नव्हतं. मग तिनंच माउस माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, "अजून एकदा दाखव."

मामाच्या दुकानातला जुना कीबोर्ड मिळालाय, ओटीजी शनिवारच्या बाजारात घेते. एकच राहिलं. मराठी टाइप करायला शिकायचं तर कुठलं? फोनवर मी इंग्रजी अक्षरांत लिहिते आणि मराठी होतं. इथं लॅबमध्ये एक जुनी फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द वाचता येईना.

लॅबवाले_काका:

ती फाइल कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधली असणार. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट वरून मराठी आकार चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं सोंग उतरतं. तू युनिकोडमध्येच लिही, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून कुठंही उघडतं.

कीबोर्ड इनस्क्रिप्ट शिक, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर याची ठरलेली मांडणी. विंडोजमध्ये आधीपासून असतो, भाषेत मराठी जोडायची आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की बदलतो. सी ड्राइव्ह पुसला जात असेल तर ही भाषा दर वेळी जोडावी लागेल. त्यापेक्षा सरांना एकदाच सगळ्या मशीनवर बसवून घ्यायला सांग. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. केवर क, शिफ्ट धरून केवर ख. एलवर त, शिफ्ट धरून थ. हलन्त डीवर, जोडाक्षर करायचं तर मधे तो मारायचा. 'नमस्कार' लिहायला व्ही, सी, एम, डी, के, ई, जे एवढंच. 'दुसऱ्या'मधला तो र सगळ्यांना अडवतो. त्याला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य साठी स्लॅश, मग ई.

लॅबमध्ये कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर नसतील तर तक्ता कागदावर काढून जर्नलच्या पुठ्ठ्याला आतून चिकटव. परीक्षेला जर्नल आत नेऊ देत नाहीत, त्याआधी पाठ कर.