गावातला व्हिलेजर, मग शहरातला कोण? टाऊनर?

अपडाऊनवाला मास्तर
राम राम मंडळी. घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सातवीला घरच्या माणसांवर इंग्रजीत दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका पोट्ट्यानं लिहिलं, 'आय अ‍ॅम अ व्हिलेजर. माय मामा इज अ टाऊनर. ही हॅज फ्लॅट स्कीम.' फ्लॅट स्कीम सोडून दिली, फ्लॅटच्या इमारतीला अख्खं नागपूर तेच म्हणतं. टाऊनरला मात्र लाल पेनानं गोल केला आणि तिथंच अडकलो. पोट्टा टेबलाशी येऊन उभा. 'सर, व्हिलेजचा व्हिलेजर होते, मंग टाऊनचा टाऊनर काऊन नाही होत?' तेवढ्यात खिचडीची घंटा झाली म्हणून वाचलो.

संध्याकाळी यवतमाळच्या बसमध्ये मोबाइलवर शब्दकोश काढला. टाऊन्समन सापडला, पण तो कोणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. सिटिझन लिहावं तर त्याचा अर्थ नागरिक. उद्या पोट्टा परत विचारणार, तो सोडणाऱ्यातला नाही. काय सांगू?

पुण्यात अडकलेला वऱ्हाडी
सर, तुमच्या पोट्ट्याचं गणित बरोबर आहे, इंग्रजीचंच चुकलं. लंडनचा लंडनर होतो, पण टाऊनचा टाऊनर कोणी म्हणत नाही. गंमत म्हणजे आउट-ऑफ-टाऊनर चालतो! आपण 'बाहेरगावचा' म्हणतो ना, तोच.

टाऊन्समन, टाऊन्सवूमन हे शब्द आता जुने वाटतात. टाऊन्सपीपल आणि टाऊन्सफोक लिहिण्यात येतात, पण ते अख्ख्या गावाला मिळून. एकट्या मामाला टाऊन्सपीपल म्हणता येत नाही. सिटी ड्वेलर चालतो, पण भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. अर्बनाइट पेपरवाल्यांचा.

टाऊनी मात्र जपून. इंग्लंडातली खेड्यातली माणसं शहरवाल्याला चिडवायला तो वापरतात, म्हणजे ज्याला गाय आणि गोऱ्हा ओळखता येत नाही असा. विद्यापीठाच्या गावात तर पोरं तिथल्या कायमच्या रहिवाशांनाच टाऊनी म्हणतात. अमेरिकेतला सिटी स्लिकर त्याच्याही पुढचा: गुळगुळीत, गोडबोल्या, गंडवणारा. मामाला यातलं काही लावलं तर दिवाळीचे कपडे बंद.

निवृत्त प्रगणक
मी दोनदा जनगणनेची ड्युटी केली, म्हणून आधी टाऊन म्हणजे काय ते सांगतो. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असली की ते गाव आपोआप टाऊन. नसली तर तीन अटी: वस्ती किमान 5000, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. दुसऱ्या अटीत बायका मोजतच नाहीत. निंदण, कापूसवेचणी करणाऱ्या मोजल्या असत्या तर आपल्याकडची कितीक टाऊनं परत खेडी झाली असती, असं माझं मत. असो, विषय सोडून गेलो.

पऱ्हाटी
सिटिझनबद्दल राहिलंच. तो शब्द सिटीतूनच आला आहे. पहिला अर्थ शहरात राहणारा, देशाचा रहिवासी हा नंतरचा. आपला नागरिकही तसाच, नगरातला तो नागरिक. आता आमच्या ग्रामपंचायतीचा भोंगा रोज सकाळी ओरडतो, 'गावातील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की नळ उद्या येणार नाही.' नगर नाही, नळ नाही, नागरिक मात्र आहोत.

खेड्याच्या वाट्याला काय आलं तेही बघा. व्हिलन हा शब्द मुळात जमीनदाराच्या वाड्यावर राबणाऱ्या कुळाचा, व्हिलेजचाच भाऊबंद. शहराच्या लॅटिन शब्दातून मात्र अर्बेन निघाला, म्हणजे सभ्य, रीतभात जाणणारा. शब्द कोणी घडवले ते कळतंच. आपण तरी कुठं कमी? नागर म्हणजे सुसंस्कृत आणि ग्राम्य म्हणजे अचकटविचकट.

अपडाऊनवाला मास्तर
सगळ्यांचे आभार. आज वहीत टाऊनर खोडून 'माय मामा लिव्हज इन यवतमाळ' एवढंच लिहून दिलं. टाऊनी सांगितला नाही, वर्गात तोच पहिला पाठ झाला असता. आउट-ऑफ-टाऊनर मात्र फळ्यावर लिहिला, खाली बाहेरगावचा. पोट्ट्यानं वहीत उतरवून घेतला आणि म्हणे, 'मंजे तुमीच ना सर? तुमी त रोज अपडाऊन करता.'