होणारा नवरा सारखं म्हणतो "तुला माझ्यापेक्षा चांगला भेटला असता", काय करू?

नांदेडची_पोरगी
मी नांदेडला बँकेत आहे, दिवाळीनंतर लग्न आहे. तो वसमतकडं घरची शेती बघतो, बी.एस्सी. ॲग्री झालाय, हळदीचं सगळं स्वतः करतो, आणि मला तो मनापासून आवडतो म्हणूनच घरच्यांशी भांडून हो म्हणलं. पण आधी त्याला लई स्थळांनी नाही म्हणलंय, शेतीच करतो म्हणून. आता मी कौतुक केलं की त्याला वाटतं मी कीव करायले. परवा फोनवर म्हणलं, मजुरांशी किती नीट बोलतोस रे तू, तर गप्पच बसला आणि मग म्हणे तुमच्या ब्रँचमधले लोक तर इंग्लिशमधे बोलत असतील. फोन उचलायला उशीर झाला की दोन दिवस तुटक बोलतो. हे लग्नानंतर जातं का? का जन्मभर मीच समजावत बसायचं?

मोंढ्यावरचा
ताई, भावाचं दुखणं कळतं मला. पोहे खाऊन झाले की मुलीचे मामा सातबारा विचारतात, विहिरीला पाणी किती विचारतात, आणि गाडीत बसताना म्हणतात पुण्यात कंपनीत असता तर बरं झालं असतं. म्हणजे जमीन पाहिजे पण जमीन कसणारा नको!! असं वर्षानुवर्षं चाललं की हो म्हणणारीवर पण विश्वास बसंना होतो.

सायकॉलॉजीवाली_संभाजीनगर
यावर खूप काम झालंय. सँड्रा मरे आणि जॉन होम्स यांनी कॅनडा-अमेरिकेतल्या जोडप्यांवर अभ्यास केले, त्यात दिसलं की ज्याला स्वतःबद्दल कमी वाटतं तो जोडीदाराच्या मनात आपली किंमत आहे त्यापेक्षा कमीच धरतो, आणि मग दुखावलं जाऊ नये म्हणून आधीच लांब सरकतो. तुमचं ते दोन दिवसांचं तुटक बोलणं तेच आहे. म्हणून नुसतं कौतुक वाढवून उपयोग नाही. डेनिस मॅरिगोल्ड यांच्या २००७ च्या प्रयोगात अशा लोकांना सांगितलं की जोडीदारानं केलेलं एखादं कौतुक आठवा आणि त्यानं ते का केलं, तुमच्या नात्यासाठी त्याचा अर्थ काय ते लिहा, तर त्यांना नात्यात जास्त सुरक्षित वाटलं. मग त्यालाच विचारा ना, मजुरांशी नीट बोलणारा माणूस मला नवरा म्हणून का हवा असंल? उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या.

उदगीर_ते_ओसाका
हे सगळं तिकडच्या लोकांवरचं आहे हे पण ध्यानात घ्या. आत्मसन्मान मोजायची रोझेनबर्गची १० वाक्यांची चाचणी (१९६५ ची, अजून तीच वापरतात) ५३ देशांत घेतली होती, २००५ मधे छापलं, त्यात जपान सगळ्यात खाली. मी इथं राहतो, इथं स्वतःला कमी लेखून बोलणं ही रीत आहे, बायकोसमोर पण माणूस मी कुठला एवढा म्हणतो आणि संसार नीट चालतो. आपल्याकडंपण थोडं तसंच आहे, मी मी करणारा जावई कुणाला आवडतो? त्यामुळं तो स्वतःला कमी म्हणतो याची काळजी नको, तो तुमच्यावर संशय घेतो आणि अबोला धरतो त्याची करा.

लातूरची_लेक
सगळे त्याचंच बोलायलेत. पोरींना रंगावरून, उंचीवरून नकार येतात तेव्हा कोण समजावतं? ४८ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१६) सरासरीनं पुरुषांचाच आत्मसन्मान बायकांपेक्षा जास्त निघालाय. ताई, प्रेम करा, वेळ द्या, चांगलं नातं वर्षभर टिकलं की माणसाचं स्वतःबद्दलचं मत सुधारतं असं जर्मनीतल्या अभ्यासात दिसलंय. पण ब्रँचमधल्या लोकांवरून टोमणा आला की हसून सोडू नका. तिथंच सांगा, हे मला लागलं.

नांदेडची_पोरगी
लातूरची लेक, टोमण्यावर आजवर कधीच बोलले नाही मी, त्याला अजून लागंल म्हणून. रविवारी तो येतोय कपडे खरेदीला. आधी हेच बोलते, साड्या नंतर.