मदत हवी आहे : चढावर ट्रकची ताकद अचानक जाते, दोष वायरिंगचा वाटतो

माझा २०१८ चा बीएस-४ कॉमन रेल डिझेल ट्रक, २४ व्होल्टचा, कळंबोलीहून माल भरून निघाल्यावर मुंब्रा बायपासच्या चढावर अचानक ताकद सोडतो. इंजिनचा दिवा लागतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही आरपीएम १२०० च्या वर जात नाही, आणि चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही किलोमीटर सर्व सुरळीत चालते. रिकामा ट्रक असा त्रास क्वचितच देतो.

स्कॅनरवर ॲक्सिलरेटर पेडलच्या दोन सिग्नलांचा मेळ बसत नसल्याचा कोड आला, म्हणून पेडल नवे बसवले, पण फरक पडला नाही. डिझेल फिल्टर बदलला आहे, बॅटरीचे व चासीचे अर्थिंग घासून घट्ट केले आहे आणि चालू इंजिनवर चार्जिंग २७.८ व्होल्ट मिळते. उभ्या गाडीत पेडलच्या सॉकेटवर ईसीयूने (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरने) दिलेल्या पाच व्होल्टच्या लाईनचे ४.९८ व्होल्ट येतात. परंतु मीटर जोडून चढ चढताना तेच एकदा ४.३ पर्यंत घसरलेले मी स्वतः पाहिले, त्यामुळे दोष पेडलमध्ये नसून इंजिन हलल्यावर कुठेतरी वायर घासत असावी, असे माझे मत आहे. वर्कशॉप मात्र थेट ईसीयू बदलायला सांगत आहे, आणि तो खर्च खात्रीशिवाय मला झेपणारा नाही.

माझ्याकडे फक्त मल्टीमीटर आहे आणि ट्रक रविवारीच उभा असतो. पाच व्होल्टच्या त्याच लाईनवर सहसा आणखी कोणते सेन्सर असतात, आणि ईसीयूला धोका न होता ते कोणत्या क्रमाने काढून तपासावेत?