हेडाचा करडा रंग निस्तेज का दिसत नाही?

कुंचलेबहाद्दर: डच चित्रकार विलेम हेडाचं १६३५चं सोनेरी चषकाचं वस्तुचित्र (राइक्सम्युझियम, अ‍ॅमस्टरडॅम) स्क्रीनवर मोठं करून बघतोय. कथलाची भांडी, आडवं पडलेलं चांदीचं पात्र, कालवं, पांढरा कपडा, मागे कोरी भिंत. सगळा करड्याचा कारभार, तरी चित्र लखलखतं. काळ्यात पांढरा मिसळून मी केलेला करडा मात्र सिमेंट वाटतो. गोम कुठे आहे?

तेलपाणी: त्या सिमेंटमध्येच. काळा-पांढरा मिसळला की करडा थंड, निळसर पडतो. हेडाचा करडा एक नाहीच मुळी. कथलाची ताटली नीट बघा: कुठे हिरवट, कुठे तपकिरी, आणि चकाकीला पांढऱ्याचा एकच जाड फटकारा. अंबर (तपकिरी मातीचा रंग) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांपासून करडा करून बघा, हवा तसा उबदार-थंड वळवता येतो. आता चित्रातलं ते सोललेलं लिंबू अंगठ्याने झाका. चांदी लगेच उतरते की नाही? एवढ्याशा पिवळ्यावर अख्खं टेबल उभं आहे.

वाचकमात्र: साधेपणाचा, काटकसरीचा धर्म होता ना तिकडे हॉलंडमध्ये? म्हणून रंग कमी असणार.

तेलपाणी: काटकसर? सोन्याचा मुलामा दिलेला चषक समोर ठेवून? हा हेडाच्या हार्लेम शहरातल्या चित्रकारांचा शौक होता. तिथलाच पीटर क्लास १६२७मध्ये टर्की पक्ष्याचा पाय (pie, मांस भरलेला भाजलेला पदार्थ) रंगवतो तेव्हा टेबल चांगलं रंगीत आहे, मिरी छापील कागदाच्या पुडीत. पुढे १६३०च्या दशकात तोही हेडासारखा करड्यावर उतरला. त्याच सुमारास यान फान खोयेन, सालोमोन फान राउसडाल निसर्गचित्रंही अशीच मातकट-करडी करत होते. धर्माचं लेबल चिकटवण्याआधी ती बघा राव.

कुंचलेबहाद्दर: लिंबू झाकलं. कमाल आहे! आणि हिरव्या पेल्याच्या देठावर काचेचे गोळे कसले?

तेलपाणी: तो रोमर, वाइनचा पेला. जेवताना बोटं तेलकट होतात, पेला सटकू नये म्हणून ते गोळे. रंगवताना खिडकीचं प्रतिबिंब दोनदा येईल: एकदा उजेडाच्या बाजूला बाहेरून, एकदा समोरच्या आतल्या काचेवर, तेही उलटं. दुसरं मंद ठेवा. दोन्ही सारखीच चमकवलीत तर पेल्याची गोलाई जाते.