रेड ५ अधूनमधून गोठतो, एमडीस्टॅटमध्ये मात्र चारही डिस्क ठीक

प्रश्न
लिनक्सवर चार सॅटा डिस्कचा सॉफ्टवेअर रेड ५ आहे (चार डिस्कचा मिळून एक अ‍ॅरे; एक गेली तरी पॅरिटीवरून, म्हणजे जादा साठवलेल्या हिशेबावरून, डेटा परत मिळतो), वर एक्स्ट४ फाइलसिस्टम. एमडीस्टॅट या अ‍ॅरेची स्थिती सांगणाऱ्या फाइलमध्ये चारही डिस्कपुढे यू, म्हणजे चालू, दिसतं. दिवसातून दोन-तीनदा त्या माउंटवर साधं एलएस मारलं तरी टर्मिनल अडकतं. लोड ४० च्या वर, सीपीयू रिकामा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) १२० सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक झालेल्या टास्कची नोंद येते. दोनेक मिनिटांत आपोआप सुटतं. रीबूट करून अ‍ॅरे पुन्हा असेंबल करू का?

उत्तर १
रीबूटने काही कळणार नाही. प्रोसेस डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या आहेत, किल -९ नेही मरणार नाहीत. चारही यू दिसणं म्हणजे एमडीने (लिनक्समधला सॉफ्टवेअर रेडचा भाग) अजून एकही डिस्क बाहेर काढलेली नाही, एवढंच. एमडीला स्वतःचा टाइमआउट नसतो. खालून उत्तर किंवा एरर येईपर्यंत तो थांबतो, आणि एका डिस्कपायी बाकीच्या तिघी खोळंबतात.

गोठलेलं असतानाच आयओस्टॅट -एक्स १ लावा, प्रत्येक डिस्कचं काम दर सेकंदाला दिसेल. जिचे रीड-राइट शून्य आणि यूटिल (डिस्क किती टक्के वेळ व्यस्त) तरीही १००, तीच डिस्क. मग स्मार्टसीटीएल -एक्सने डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी बघा: ५, १९७, १९८ क्रमांकाचे (खराब सेक्टरांचे) आकडे वाढलेत तर पृष्ठभाग खराब. फक्त १९९ (डिस्कशी होणाऱ्या देवाणघेवाणीतल्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदला.

उत्तर २
यात टाइमआउटही तपासाच. डेस्कटॉप डिस्क एका खराब सेक्टरवर दोन-तीन मिनिटं झगडते, कर्नल मात्र ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतो. डिस्कने वेळेत एरर दिली असती तर एमडीने पॅरिटीवरून डेटा काढून तो सेक्टर पुन्हा लिहिला असता. म्हणजे हार डिस्कने आधी मानायला हवी. एससीटीईआरसी, म्हणजे डिस्कने किती वेळात हार मानायची ती मर्यादा, ७०,७० ठेवा. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ७ सेकंद. पॉवर गेली की बऱ्याच डिस्क हे विसरतात, म्हणून बूट स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्कला ही सोय नसेल तर सिसफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींत) तिचा डिव्हाइस टाइमआउट १८० करा. हे झाल्याशिवाय चेक (अख्खा अ‍ॅरे वाचून तपासणं) चालवू नका, चांगली डिस्कसुद्धा बाहेर फेकली जाईल.

प्रश्नकर्ता
एसडीसी सापडली. १९७ वर २४, १९९ शून्य. एससीटीईआरसी नाही, म्हणून टाइमआउट १८० केला. आता तिला फेल करून काढू?

उत्तर १
फेल अजिबात करू नका! फेल केलीत की रेड ५ कडे पॅरिटीचा आधार उरत नाही. रीबिल्डमध्ये उरलेल्या तिघींपैकी एकीवर जरी न वाचणारा सेक्टर लागला, तरी तिथला डेटा गेला.

आधी बॅकअप. मग नवी डिस्क स्पेअर म्हणून जोडा (एसएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी डिस्क नको, रीबिल्डला रडवते) आणि एमडीएडीएमला (अ‍ॅरे सांभाळणारी कमांड) एसडीसीसाठी रिप्लेस सांगा. कॉपी पुरी होईपर्यंत जुनी डिस्क अ‍ॅरेतच राहते, तिचे वाचता न येणारे सेक्टर बाकीच्या तिघींवरून भरले जातात.

मधेच अ‍ॅरे पडला तर क्रिएट (नवा अ‍ॅरे बनवणं) कधीही चालवू नका. एमडीएडीएमच्या एक्झामिनने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट (अ‍ॅरेतल्या बदलांचा मोजणी-आकडा) बघा. डिस्कांमधला फरक थोडकाच असेल तर असेंबल फोर्सने अ‍ॅरे उभा राहतो.