लिंबची बारा मोटेची विहीर: सांधे सिमेंटने नकोत

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीबद्दल कुणीतरी सुचवलंय की तिच्या दगडांमधले मोकळे झालेले सांधे सिमेंटने भरून टाकावेत, म्हणजे कटकट मिटेल. मिटणार नाही, वाढेल. ही 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतलेली दगडी विहीर. खोली साधारण 110 फूट, व्यास 50 फूट. आतून सतत ओल. चुन्याने भरलेला सांधा ही ओल बाहेर सोडतो. सिमेंट तिला अडवतं, मग पाणी दगडातून वाट काढतं, क्षार फुटतात आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. सांधा शाबूत, दगड गेला!

चुन्याचं काम वेळखाऊ, हे मान्य. चुना भिजवून मुरवायचा, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, वर गूळ-बेलफळाचं पाणी. भरल्यावरही काही दिवस ओली पोती टाकून ठेवायची, नाहीतर तडे जातात. हे हाताने जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात, आणि टेंडर निघतं ते सगळ्यात स्वस्त दराला. खरी गोम तिथे आहे.

सांधे भरायच्या आधी त्यांत उगवलेल्या पिंपळाचं बघा. नुसता वरून छाटला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटतो, आणि ओढून काढला तर मुळासोबत चिराही हलतो. मूळ मारूनच सांधा भरायला हवा.

विहिरीतल्या महालाच्या खांबांवरची शिल्पं मात्र कृपा करून घासू नका. ब्रश नको, अ‍ॅसिड तर नकोच. रंग द्यायची हौस असेल तर आपापल्या घराच्या कंपाउंडला द्या.