रेफर केलेल्या पेशंटचं पुढं काय झालं ते कळायची सोय कशी करायची?

गगनबावडा_जीपी: नमस्कार मंडळी. इथनं कोल्हापूर 55 किमी, चिठ्ठी देऊन पेशंट पाठवतो तो महिन्याभरानं पिशवीभर रिपोर्ट घेऊन परत येतो, तिकडं काय केलं, कुठली गोळी बंद केली काय पत्ता नाही. परवा एका आज्जींच्या पिशवीत एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या नावानं, दोन्ही चालू! आम्ही काही जीपी (गावातले फॅमिली डॉक्टर), पीएचसीचे म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राचे दोन मेडिकल ऑफिसर आणि शहरातले स्पेशालिस्ट असा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, आठ दिवसांत नुसते गुड मॉर्निंग आणि वाढदिवस. कुणी असलं नेटवर्क नीट चालवलंय का? ॲप घ्यावं का?

गडहिंग्लजकर: ॲप-बिप नंतर बघा ओ. आमचं टिकलं कारण प्रत्येक दवाखान्यात फोन उचलायला एक ठरलेला माणूस ठेवला, डॉक्टर नव्हे, डॉक्टर ऑपरेशन थिएटरात असतोय. आणि चिठ्ठी दोन भागांची छापली, वरचा भाग आम्ही भरायचा, खालचा डिस्चार्जला त्यांनी. निदान, काय केलं, चालू गोळ्या, बंद गोळ्या, परत कधी, बास. ‘बंद गोळ्या’ हा रकाना आधी नव्हता, तो घातल्यावर निम्मी डोकेदुखी गेली.

कॅज्युअल्टीवाला: शहराच्या बाजूनं सांगतो, राग मानू नका. नुसतं ‘हायर सेंटरला पाठवत आहे’ लिहिलं की आम्हाला काय कळणार? लकव्याचा पेशंट असंल तर शेवटचा धड कधी बघितला ती वेळ लिहाच, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन 4.5 तासांच्या आत द्यावं लागतंय. नातेवाईक म्हणतात ‘सकाळी’. सकाळी म्हणजे धार काढताना का न्याहारीला? आणि 108 निघायच्या आधी फोन करा, सीटी मशीन बंद असलेल्या ठिकाणी पेशंट नेऊन काय उपयोग.

सिस्टर_भुदरगड: सर, टीबीचं बघा की. खाजगी डॉक्टरांनी पेशंट कळवणं 2012 पासून सक्तीचं हाय, निक्षयवर (टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर) नोंद झाली की आमची माणसं घरापर्यंत जातात, म्हणजे खाजगी-सरकारी जोडणी तिथं आधीपासनंच हाय. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्याच मीटिंगला बोलवा, नाहीतर पीएचसीवाले दुसऱ्या मीटिंगला येणार नाहीत. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तवा डायलिसिसचे पेशंट कुठं अडकलेत ते हुडकण्यात दोन दिवस गेले आमचे, ती यादी तेवढी मे महिन्यातच करून ठेवा. आणि ग्रुपवर नावासकट रिपोर्टचे फोटो टाकू नका.

गगनबावडा_जीपी: लई उपयोगी. चिठ्ठी उद्याच छापायला टाकतो. कार्बन कॉपी लावू का?

गडहिंग्लजकर: लावाच. तुमच्याकडच्या पावसात पेशंटची प्रत एसटीतनं उतरेपर्यंत भिजतीय.